काशीतील ग्रंथालये पाहताना



महाराष्ट्रातून काशीस जाणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. गंगास्नान, विश्वेश्वर व अन्नपूर्णा यांचे दर्शन, पितरांसाठी श्राद्धविधी, नावेतून घाटांची फेरी, गंगाजलाने भरून घेतलेला तांब्याचा गडू आणि घरी परतल्यावर मावंदे. यांतले काहीच वगळावे असे आम्ही म्हणत नाही. मात्र या क्रमात आणखी एका दिवसाची भर घालावी, आणि तो दिवस काशीच्या ग्रंथालयांसाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. मुले बरोबर असतील तर ही सूचना विशेष आग्रहाची समजावी.

या फेरीचा आरंभ भोसले घाटापासून करावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या भोसल्यांनी हा घाट बांधला. घाटावरचा त्यांचा दगडी वाडा आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर नावेतूनही नजरेत भरते. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, पण काशीतला दगड राहिला. शेजारीच शिंद्यांचा घाट आहे, आणि थोड्या अंतरावर पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट लागतात. या परिसरात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. शिवछत्रपतींचा १६७४ मधील राज्याभिषेक ज्यांच्या पौरोहित्याखाली झाला ते गागाभट्ट काशीचेच, व त्यांच्या घराण्याचे मूळ पैठणचे. त्याच पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये पूर्ण केले तेही काशीत. मराठी माणूस काशीस केवळ पुण्यासाठी जात नव्हता. तो तेथे शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी आणि लिहिण्यासाठी जात होता. जेथे लिहिणारे आणि शिकवणारे असतात, तेथे ग्रंथ साठतात. साठलेल्या ग्रंथांचे पुढे काय होते, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि तोच या वेळी आपणापुढे ठेवावयाचा आहे.

सतराव्या शतकात काशीत कवींद्राचार्य सरस्वती नावाचे संन्यासी होते. ते मूळचे गोदातीरचे. यात्रेकरूंवरील कर रद्द व्हावा म्हणून त्यांनी बादशहा शाहजहान याच्याकडे रदबदली केली व ती सफल झाली. त्याबद्दल देशोदेशीच्या पंडितांनी त्यांच्यावर स्तुतिपर रचना केल्या. या संन्याशाचा ग्रंथसंग्रह त्या काळी अपूर्व होता. फ्रेंच प्रवासी बर्निए याने काशीच्या एका थोर पंडिताकडे ग्रंथांनी भरलेले मोठे दालन पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तो पंडित म्हणजे कवींद्राचार्यच असावेत, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी प्रतिपादन केले.

आज ते दालन नाही. कवींद्राचार्यांच्या मालकीची नोंद असलेली हस्तलिखिते बिकानेर, बडोदे व अन्य ठिकाणच्या संग्रहांत विखुरलेली आढळतात. काशीच्या एका मठात त्या संग्रहाची एक जुनी यादी मात्र सापडली, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती १९२१ मध्ये छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. संग्रह विखुरला तरी यादी उरली, म्हणून काय होते आणि काय गेले एवढे तरी आज कळते. आपल्या घरातील ग्रंथांची यादी करण्याचा आळस ज्यांना येतो, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण तंजावरच्या भोसल्यांचे. सरफोजी राजे दुसरे १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले. परतताना त्यांनी केवळ गंगाजल नेले नाही. पंडितांच्या साहाय्याने त्यांनी उत्तरेत ग्रंथ विकत घेतले, जे विकत मिळेनात त्यांच्या नकला करविल्या, आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांची भर घातली. सरफोजींनंतर काही वर्षांत तंजावरचे राज्यही गेले. ग्रंथालय मात्र आजही वाचकांस खुले आहे. नागपूरच्या भोसल्यांनी काशीत घाट ठेवला, तंजावरच्या भोसल्यांनी काशीतून विद्या नेली. दोन्ही गोष्टी टिकल्या, कारण दोन्ही लोकांच्या उपयोगाच्या होत्या.

आता आपण भोसले घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांतून चौकात यावे. तेथून मैदागिन फार लांब नाही. तेथे काशी नागरी प्रचारिणी सभेची वास्तू आहे. १८९३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी ही सभा स्थापन केली. हिंदीचा सुप्रसिद्ध ‘हिंदी शब्दसागर’ हा कोश सभेनेच सिद्ध केला. सभेच्या आर्यभाषा पुस्तकालयाचा पाया बाबू गदाधरसिंह यांनी दिलेल्या खासगी संग्रहाने घातला गेला. पुढे महावीरप्रसाद द्विवेदी आणि जगन्नाथदास रत्नाकर यांचे संग्रहही तेथे आले. एकाने दिले म्हणून दुसऱ्यास द्यावेसे वाटले, असा ग्रंथालयांचा इतिहास बहुतेक ठिकाणी आढळतो. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे विख्यात संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीतल्या मराठी घरातले, हेही मुलांना येथे सांगावे.

पुढचा मुक्काम संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयातील सरस्वती भवन. १७९१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून या संस्थेची परंपरा निघते. १९५८ मध्ये तिला विश्वविद्यालयाचे रूप आले. नागपुरास शिक्षण झालेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून तेथे गणित व ज्योतिष शिकवीत. सरस्वती भवनाची स्वतंत्र दगडी इमारत १९१४ मध्ये उपयोगात आली, आणि महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज यांनी त्याच वर्षी तेथील ग्रंथपालाचे काम हाती घेतले. येथील हस्तलिखितांची संख्या लाखाच्या घरात आहे. पोथी म्हणजे पुठ्ठ्यात बांधलेले पुस्तक नव्हे. तिची पाने सुटी असतात, वर-खाली लाकडी फळ्या असतात, आणि सारे कापडात बांधलेले असते. एक पान हरवले तर मधला विचार तुटतो, आणि शेवटचे पान हरवले तर लेखकाचे, नकलकाराचे व गावाचे नाव, तसेच काळ, यांचा पुरावाच नाहीसा होतो.

तेथून शहराच्या दक्षिण टोकास, बनारस हिंदू विश्वविद्यालयात जावे. येथील मध्यवर्ती ग्रंथालयाचा इतिहास मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९३ मध्ये अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी निवर्तले. त्यांनी भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद दोनदा केला. १८७५ मध्ये पद्यात, आणि १८८२ मध्ये माक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेसाठी गद्यात. अनुवादाचेच काम करणाऱ्या आम्हांस त्यांच्या या दुसऱ्या प्रयत्नाचे नेहमी कौतुक वाटते. केलेल्या कामाकडे पुन्हा वळण्याची तयारी सर्वांपाशी नसते. त्यांचे पुत्र प्रा. पी. के. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ आपला मौल्यवान संग्रह विश्वविद्यालयास अर्पण केला, आणि त्यातून १९१७ मध्ये या ग्रंथालयाचा जन्म झाला. आरंभी ते कमच्छा येथील सेंट्रल हिंदू कॉलेजच्या तेलंग सभागृहात होते. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी त्या बाल्यावस्थेत त्याची जोपासना केली. १९२१ मध्ये ते नव्या परिसरात आले.

आजची भव्य वास्तू बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या देणगीतून उभी राहिली. पंडित मदनमोहन मालवीय १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतले, तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथालयाचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ग्रंथालय या वास्तूत १९४१ मध्ये आले. महाराज मात्र १९३९ मध्येच निवर्तले होते. सयाजीरावांची ही देणगी आकस्मिक नव्हती. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञास बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था घातली होती, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या होत्या. राजवाड्यातला ग्रंथ शेतकऱ्याच्या ओटीवर गेला पाहिजे, ही त्यांची दृष्टी. पुढे १९४५ ते १९४७ या काळात भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी काशीच्या या ग्रंथालयाची धुरा वाहिली. आज ग्रंथालयाची गणना देशातील मोठ्या विद्यापीठीय ग्रंथालयांत होते, आणि त्याला नाव आहे ते सयाजीरावांचे.

या साऱ्या गौरवाला एक दुसरी बाजूही आहे. विश्वेश्वराच्या मंदिराजवळ कारमायकेल लायब्ररी नावाचे १८७२ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक ग्रंथालय होते. काशी विश्वनाथ परिसराचा विस्तार झाला, आणि त्याचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. त्या कामात ग्रंथालयाची ती जुनी इमारत राहिली नाही. यात्रेकरूंना ऐसपैस जागा मिळाली, हे खरेच. परंतु ग्रंथालयाची जागा गेली की नित्याच्या वाचकाचे पाऊल तुटते, आणि ते पुन्हा वळविणे सोपे नसते, हेही तितकेच खरे. म्हणून जी ग्रंथालये आज उभी आहेत, त्यांच्या पायरीवर आपली पावले उमटणे अगत्याचे आहे.

जाताना काही पथ्ये पाळावीत. ग्रंथपालांस आधी पत्र पाठवून सुट्यांचे दिवस, वेळा व परवानगीचे नियम विचारून घ्यावेत. ओळखपत्र जवळ ठेवावे. विद्यापीठांची ग्रंथालये मुख्यतः त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. बाहेरच्यास तेथे प्रवेश हा हक्काने मिळत नाही, सौजन्याने मिळतो. टिपणे घेण्यासाठी पेन्सिल न्यावी, शाई नको. हस्तलिखितास आपण होऊन हात लावू नये, आणि विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये. शक्य तर एखादा नेमका प्रश्न घेऊन जावे. आपल्या घराण्यातील कोणी काशीस शिकले होते काय, आपल्या गावी नकलून घेतलेला एखादा ग्रंथ येथे आहे काय, असा प्रश्न असला म्हणजे ग्रंथपालांनाही साहाय्य करण्यात आनंद वाटतो. ‘काय आहे ते दाखवा’ असे म्हणणाऱ्यास फार तर कपाटे दिसतात.

आणि घरी परतल्यावर? मावंद्याच्या आधी की नंतर, ते आपण ठरवावे. पण माळ्यावरची ती पेटी एकदा उघडावी. अनेक घरांत आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पोथ्या कापडात बांधलेल्या असतात. त्यांची दरवर्षी पूजा होते, आणि आतून त्यांना कसर लागलेली असते. गाठोडे सावकाश सोडावे. शेवटचे पान पाहावे. तेथे शक किंवा संवत असेल. शकात ७८ मिळविले अथवा संवतातून ५७ वजा केले, की इसवी सनाचे वर्ष अदमासे निघते. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकच्या आवरणात पान कायमचे बंद करू नये, आणि पोथी कडक उन्हात ठेवू नये. मऊ ब्रशाने धूळ झाडावी, पाने क्रमाने लावावीत, स्वच्छ सुती कापडात बांधावीत, आणि किती पोथ्या, कोणत्या, किती पानांच्या, एवढी यादी एका वहीत करावी.

मग घरातल्या सर्वांनी मिळून एक प्रश्न स्वतःस विचारावा. आपल्यानंतर हे कोण वाचणार? याचे उत्तर घरातच मिळाले तर फारच उत्तम. न मिळाले तर पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर व भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, बडोद्याचे प्राच्यविद्या मंदिर अशा संस्थांशी पत्रव्यवहार करावा. देशातील हस्तलिखितांची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ या अभियानाची घोषणा झाली. पण कोणत्याही अभियानास आपल्या माळ्यावरची पेटी आपोआप दिसत नाही. ती उघडण्याचे काम घरच्यांचेच.

वडिलांची पुस्तके देऊन टाकणे म्हणजे वडिलांना विसरणे, असे काहींना वाटते. ती भावना आम्ही हलकी मानीत नाही. पण प्रा. तेलंगांनी वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथ दिले, म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनंतरही काशीत त्यांच्या वडिलांचे नाव निघते. ते घरीच ठेवले असते तर आज ते कोठे असते, कोण सांगणार? पितरांच्या स्मरणासाठी आपण काशीस जातोच. त्यांनी जे वाचले, जपले आणि प्रसंगी स्वतःच्या हाताने लिहून काढले, ते पुढच्या वाचकापर्यंत पोहोचविणे हाही त्या स्मरणाचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या घरी अशी पेटी असेल, तर येत्या सुटीत ती उघडावी आणि तिची यादी मुलांच्या हातून लिहवून घ्यावी.