तिजोरी आहे, किल्ली कुणाकडे?

बोरिवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत ८ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. फेसबुकवरील थेट प्रक्षेपण सुरू असताना घडलेला हा प्रकार साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. गोळ्या झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने पाठोपाठ स्वतःचाही शेवट केला. पुढे आरोप-प्रत्यारोप झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. या गदारोळात एक तपशील मात्र मागे पडला. वापरले गेलेले पिस्तूल गावठी नव्हते. त्याचा परवाना नोरोन्हाच्या अंगरक्षकाच्या नावे होता आणि तो उत्तर प्रदेशातून मिळालेला होता. हे पिस्तूल नोरोन्हाच्याच कार्यालयातील लॉकरमध्ये ठेवले जात असे, असे पोलिस तपासातून तेव्हा पुढे आले.

म्हणजे शस्त्र उघड्यावर पडलेले नव्हते, ते कुलपात होते. फक्त ते कुलूप अशा माणसाच्या कार्यालयात होते, ज्याच्या नावे त्या शस्त्राचा परवाना नव्हता.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, जुहूमध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. अंधेरीच्या रुग्णालयात गोळी काढण्यात आली आणि प्रकरण निभावले. एक घटना हत्येची, दुसरी अपघाताची; त्यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि, वापरात नसलेले शस्त्र कुठे, कोणत्या अवस्थेत आणि कुणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे.

गोविंदा यांच्या अपघातानंतर अनेकांना पडलेला प्रश्न होता, पडल्याने गोळी सुटतेच कशी? जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असतो. शस्त्र घोड्यावर आपटले, तर तो धक्का काडतूस पेटवायला पुरतो. नव्या बनावटीत यासाठी मधे अडसर बसवलेला असतो. जुन्यात त्यावर एकच उपाय, घोड्याखालचे घर रिकामे ठेवणे. आणि कपाटात ठेवायचेच असेल, तर सगळीच घरे रिकामी करून काडतुसे निराळ्या कुलपात ठेवणे. हे शिकवण्यासाठीच २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यापूर्वी प्रशिक्षणाची तरतूद आहे.

ठेवण्याच्या जागेविषयी कायदा अगदीच मुका आहे, असे नाही. परवान्याच्या अर्जातच शस्त्र व दारूगोळा सुरक्षित ठेवण्यासाठी जागा आहे काय, असा प्रश्न असतो. अर्जदार 'होय' लिहितो. 'होय' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिथेच संपतो. लाकडी कपाटाचा खण, गोदरेजच्या कपाटातील आतली तिजोरी किंवा ऑनलाइन मागवलेली पोलादी पेटी, सारे त्या एका शब्दात मावते. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास शस्त्र कायद्याच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार रुपयांत आज बऱ्यापैकी पेटीही येत नाही, हे जाता जाता.

ही छोटी पोलादी पेटी अलीकडे उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत दिसू लागली आहे. वहीएवढी लांबी-रुंदी, आकडे फिरवण्याचे किंवा बोटाच्या ठशाचे कुलूप, सोबत पलंगाच्या पायाला किंवा गाडीतील आसनाच्या दांडीला बांधण्यासाठी तारेचा दोर. मुळात ही कल्पना अमेरिकेतील. तिथे पिस्तूल गाडीत ठेवून कामाला जाणारे पुष्कळ आणि गाड्या फोडून पिस्तुले पळवणारेही पुष्कळ. त्यातून ही पेटी जन्मली. मुंबईत ती घेतली जाते ती मुख्यतः दागिने, रोकड, पासपोर्ट यांच्यासाठी. पिस्तूल बाळगणारे त्या मानाने मूठभर. पण ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याही घरात पेटी एकच असते.

याला कारण जागेचे. अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये साडेतीनशे-चारशे चौरस फुटांच्या सदनिकेत दोन तिजोऱ्या ठेवायच्या कुठे? भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला घरमालक परवानगी देत नाही. बँकेचा लॉकर शस्त्रासाठी बंदच आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनंतर बँकांनी जे नवे करार करून घेतले, त्यांत शस्त्रे व स्फोटके ठेवण्यास साफ मनाई आहे. शिवाय दागिन्यांच्या बाबतीतही लॉकरचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती मर्यादित आहे. चार हजार भाडे असेल, तर चार लाख. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखापुढे गेला, तेव्हा ही रक्कम चार तोळ्यांचीही भरपाई करू शकत नव्हती. साहजिकच सणासुदीला लॉकरमधून आणलेले दागिने परत न नेता घरच्याच पेटीत ठेवण्याकडे कल वाढतो.

आणि इथेच खरी गफलत होते. दागिन्यांची पेटी घरातल्या चारचौघांना उघडता आलीच पाहिजे. मंगळसूत्र, बांगड्या, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सोने. त्याची किल्ली घरातील स्त्रीकडे असते, आकडा सासूला ठाऊक असतो, अडीअडचणीला थोरल्या मुलालाही सांगून ठेवलेला असतो. यात वावगे काहीच नाही, उलट तोच शहाणपणा. पिस्तुलाचे नेमके उलटे आहे. परवाना एका व्यक्तीच्या नावे असतो आणि कायद्याच्या नजरेत पत्नी, मुलगा किंवा मालक यांच्यापैकी कुणीही त्या शस्त्राचा धारक नसतो. एकाच पेटीत दोन्ही ठेवले, की घरातील प्रत्येकजण नकळत शस्त्राचा किल्लीदार होतो. बोरिवलीत पेटी घरातली नव्हती, कार्यालयातली होती. किल्लीचे गणित मात्र हेच होते.

पेट्यांच्या दर्जाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जाहिरातीत 'पोलादी' असे मोठ्या अक्षरांत असते. पत्र्याची जाडी क्वचितच सांगितलेली असते. तीन आकड्यांच्या कुलपाच्या हजारच जोड्या होतात आणि चिकाटीचा माणूस त्या तासाभरात फिरवून पाहू शकतो. इलेक्ट्रॉनिक कुलपांतील काही स्वस्त नमुने वरून जोरात ठोसा मारला, की आतली कळ क्षणभर सरकून उघडतात. बहुतेक पेट्यांना आकडा विसरल्यास वापरायची जादा किल्ली असते. ती कपाटातील साड्यांखाली सापडते. कंपनीने घातलेला मूळ आकडा न बदलणारेही आहेत. पण या सगळ्यांहून साधी गोष्ट म्हणजे, जी पेटी आपल्याला उचलून नेता येते, ती चोरालाही येते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने न जखडलेली पेटी चोराचे काम सोपे करते. मौल्यवान सारे एकाच ठिकाणी, मुठीसकट. लहान मुलाच्या किंवा रागाच्या भरात असलेल्या माणसाच्या हाती शस्त्र पडू नये, एवढ्यापुरती मात्र ती निश्चित उपयोगी आहे आणि हे काम छोटे नाही.

इतर देशांनी हा प्रश्न अर्जातल्या एका शब्दावर सोडलेला नाही. ब्रिटनमध्ये बंदुकीचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी पोलिस घरी येऊन कपाट पाहतात; अशा कपाटांसाठी तिथे स्वतंत्र ब्रिटिश मानक आहे. जर्मनीने २०१७ मध्ये नियम कडक करून नव्या तिजोऱ्यांसाठी युरोपीय मानकाची किमान श्रेणी ठरवून दिली. त्याहून बोलका आहे तो म्युन्स्टर येथील उच्च प्रशासकीय न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल. शस्त्रांची तिजोरी उत्तम, पण तिची किल्ली त्याहून कमी दर्जाच्या पेटीत. चोरांनी किल्ली मिळवून शस्त्रे पळवली. किल्लीही तिजोरीच्याच तोडीच्या जागी ठेवली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. किल्ली जिथे, तिथेच शस्त्र, हे त्या न्यायाधीशांनी ओळखले.

आपल्याकडे पोलिसांकडे मनुष्यबळ नाही आणि मुंबईतील गुन्ह्यांत बेकायदा शस्त्रेच अधिक, मग परवानाधारकांच्या मागे कशाला लागायचे, असा युक्तिवाद नेहमी होतो. तो अगदीच चुकीचा नाही. पण फेब्रुवारी २०२४ च्या त्याच आठवड्यात उल्हासनगरच्या हिल लाइन पोलिस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांच्यावर गोळीबाराचा गुन्हा दाखल झाला. तिथेही शस्त्र परवान्याचेच होते. शिवाय परवानाधारक ही पोलिसांना नावानिशी, पत्त्यानिशी ठाऊक असलेली मंडळी. मुंबईत परवाना पोलिस आयुक्तालयातून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नूतनीकरणाच्या वेळी चौकशी होतेच. त्या चौकशीत पेटी कुठे आहे, ती जखडली आहे काय, तिच्यात दुसरे काय ठेवले आहे आणि ती कोण कोण उघडू शकते, हे चार प्रश्न वाढवायला कायदा बदलावा लागणार नाही. परप्रांतातून परवाना घेऊन इथे अंगरक्षकाची नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत तर ड्यूटी संपल्यावर शस्त्र कुठे जाते, हा पहिलाच प्रश्न हवा. मुक्काम बदलल्यास नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवण्याची अट नियमांत आहे. ती पाळली गेली की नाही, हे नोकरीवर ठेवणाऱ्यानेही पाहायला हवे.

निवडणुका आल्या, की छाननी समिती ज्यांना सांगेल त्या परवानाधारकांना शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला अशी दोनदा ही प्रक्रिया झाली. ठाण्यात प्रत्येक शस्त्राची नोंद होते, पावती मिळते. आचारसंहिता संपली, की धारक पावती दाखवून शस्त्र घरी नेतो. त्या घरी ते कोणत्या खणात जाणार आहे, हे पावतीवर लिहिण्यासाठी रकाना नाही.