नोट हाताला कळली पाहिजे

संध्याकाळी मंडईत गर्दी झाली, की भाजीवालीला नोट बघायला फार तर दोन-तीन सेकंद मिळतात. एका हाताने मेथीची जुडी द्यायची, दुसऱ्याने पाचशेचा बंदा घ्यायचा आणि सुटे मोजता मोजता अंगठ्याने तो चाचपायचा. सातारा असो की सांगली, नोटेची पहिली पारख इथेच होते. बँकेतल्या यंत्रापर्यंत ती फार उशिरा पोचते. ऑक्टोबर 2025 मध्ये मिरजेत पोलिसांनी बनावट नोटांची टोळी पकडली, तेव्हा जो तो नोटा उजेडात धरून बघू लागला. ती सवय काही टिकली नाही.

पाचशेची कोरी नोट हातात घ्या. तिचा कागद कापसाचा असतो, म्हणून तो करकरतो. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभ उठावाच्या छपाईचे, त्यामुळे शाईचा उठाव बोटाला जाणवतो. दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा आहेत. नख फिरवलं तर खरखरतात. उजवीकडे उठावदार गोल. शंभराच्या नोटेवर गोलाच्या जागी त्रिकोण आणि चार रेघा. आता नोट तिरपी करा. मधली तार हिरव्याची निळी होते आणि खाली उजवीकडचा 500 चा आकडाही तसाच रंग पालटतो. रंगीत झेरॉक्सला हिरवा जमतो, निळाही जमतो. हिरव्याचा निळा होणं मात्र जमत नाही. उजेडात धरली की कोऱ्या जागेत गांधीजी दिसतात, शेजारी 500 चा आकडा. एवढं जमलं तर बाजारातली बहुतेक फसवणूक टळेल.

माझी तक्रार नोटेच्या मापाबद्दल आहे. आधीच्या मालिकेत शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची 167. बोटाला सहज कळावा एवढा, पुरा एक सेंटिमीटरचा फरक. 2016 पासूनच्या मालिकेत शंभर 142, दोनशे 146, पाचशे 150. रुंदी तिन्हींची 66. लागोपाठच्या नोटांमधला चार मिलिमीटरचा फरक डोळसालाही नोटा एकमेकींवर ठेवल्याशिवाय कळत नाही. मग एसटी स्टँडवर वस्तू विकणाऱ्या अंध माणसाने काय करायचं? या प्रश्नावर अंधांच्या संघटनेला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये ‘मणी’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते रक्कम सांगतं. चांगलं आहे, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण फोन काढत बसेल? शिवाय ते फक्त रक्कम सांगतं, नोट खरी की खोटी ते नाही. उठावाच्या रेघाही नोट फिरत राहिली की झिजतात. माप झिजत नाही. म्हणून पुढची मालिका काढताना लांबीतला जुना फरक परत आणावा, असं मला ठामपणे वाटतं.

खोटी नोट सापडली तर काय होतं, हेही बाजारात फारसं कुणाला ठाऊक नसतं. बँक ती जप्त करते, शिक्का मारते, पावती देते. मोबदला मिळत नाही. एका वेळी चारपर्यंत नोटा सापडल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवायला पोलिसांकडे जाते. म्हणजे चुकून आलेली एखादी नोट बँकेत नेली म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट माहीत असून ती पुढे खपवणं हा गुन्हा आहे. पण पाचशे रुपये म्हणजे दिवसभराची कमाई असलेल्या बाईला ही नोट बँकेत जमा कर, असं सांगणं सोपं नाही. ज्याच्या हाती शेवटी राहिली, त्याचं नुकसान, हा नियम तिच्यावर सगळ्यात जड पडतो.

भारतात छापलेली पहिली नोट, पाच रुपयांची, 1928 मध्ये आपल्याच नाशिकच्या छापखान्यातून निघाली. त्याच महाराष्ट्राच्या आठवडी बाजारांत नोट ओळखायला कुणी शिकवत नाही. माहितीपत्रकं बँकेच्या भिंतीवर असतात, आणि भाजीवाली बाजार सोडून तिथे जाणार कधी? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बँकांनी महिन्यातून एकदा आपला रोखपाल कराड, तासगाव, विट्याच्या बाजारात बसवावा. त्याच्यापुढे एक कोरी नोट असावी, एक जुनी मळकी असावी, आणि येईल त्याला त्याने त्या हाताळायला द्याव्यात.