अचौर्य आणि जुना कोट

ब्रिटनमधील धर्मादाय दुकानांचे गणित व्यापाऱ्याला चटकन उमगते. माल दानाचा, गल्ल्यावर बहुतांशी स्वयंसेवक, दानात आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आणि दुकानाच्या स्थानिक करात ८० टक्के सवलत. ऑक्सफॅमने १९४० च्या दशकात ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान थाटले. आज ती गावोगावी आहेत.

जुन्या वस्त्रांचे जाणकार तेथे प्रथम अस्तर उलटून पाहतात. लेबलावर दोन ‘सी’ आणि ‘४१’ दिसले, की ते वस्त्र युद्धकाळात, १९४१ साली सुरू झालेल्या सरकारी ‘युटिलिटी’ योजनेतले. खिसे, चुण्या, बटणे यांवरही तेव्हा मर्यादा होती. शिवण मात्र पक्की. कसरीची भोके उजेडात धरून पाहावीत, बगलेची शिवण चाचपावी. रेशमी वस्त्राबाबत श्रावकांच्या घरी आणखी एक प्रश्न उठतो: कोशातील जीव कधीच गेला, आता दोष कसला? सर्वांना हे पटत नाही.

अधिक अवघड प्रश्न भावाचा. काही पौंडांची चिठ्ठी लावणाऱ्या स्वयंसेविकेला त्या शिक्क्याचा अर्थ अनेकदा ठाऊक नसतो. व्हिंटेज वस्त्रांच्या खास दुकानात तोच कोट कितीतरी चढ्या भावाने जातो. दोन व्यापाऱ्यांत हा जाणकारीचा न्याय्य नफा ठरेल. येथे मात्र विकणारा दानाचा विश्वस्त आहे, आणि तफावत गरजूंच्या वाट्यातून जाते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप व भेसळ स्पष्ट सांगितली आहे; ग्राहकाच्या मौनाचा उल्लेख नाही.

ऑक्सफॅम आता अशी वस्त्रे आपल्या ऑनलाइन दुकानात वेगळी मांडते. कोपऱ्यावरच्या लहान दुकानाला मात्र लेबलाचा अर्थ गिऱ्हाइकाकडूनच कळायचा असतो.