गोधडीचा नमुना

सांगलीच्या कापड पेठेतील एका जुन्या घरात दिवाळी सरली आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरली. घरातील वृद्ध आईंना जाऊन वर्ष झाले होते. त्यांची पाच सुती लुगडी तिच्यात घडी घालून ठेवलेली होती. धाकटी नात बाळंतपणासाठी माघात माहेरी यायची होती. तिला आजीनेच वाढवले. परंतु परगावी असल्यामुळे अखेरच्या दिवसांत तिला आजीजवळ बसता आले नव्हते. म्हणून आजीच्या लुगड्यांची गोधडी तिला द्यावी, हे घरात केव्हाच ठरले होते. नमुना तेवढा ठरायचा होता.

थोरल्या सूनबाईंनी चित्रे जमवली होती. त्यांत अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या होत्या. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी घरांतील स्त्रिया कामाच्या विटलेल्या कपड्यांतून त्या शिवत. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि 2006 साली त्या देशाच्या टपाल तिकिटांवरही त्या आल्या. मध्ये एक चौकोन, त्याभोवती चौकट, तिच्याभोवती आणखी मोठी चौकट, असा ‘छप्पर’ म्हणून ओळखला जाणारा एक नमुना सूनबाईंच्या मनात भरला. वांगी रंगाचे, तांबड्या काठाचे लुगडे त्यांनी पसरले आणि पट्ट्या कापण्यासाठी कात्री उचलली.

“सूनबाई, जरा थांब,” आईंच्या नणंद, म्हणजे घरच्या आत्याबाई, म्हणाल्या. “धडधाकट लुगडं नमुन्यासाठी कापायचं नसतं.”

“पण आत्याबाई, ते आत गेलं तर पोरीला दिसणार कसं?”

दोघींचेही म्हणणे खरे होते. जुने मऊ सूत कापून बारीक तुकडे केले की शिवणीपाशी उसवते, हे कोणत्याही कापडवाल्याला ठाऊक असते. म्हणूनच आपल्याकडील गोधडीत लुगडे बहुधा अखंड घालतात. नऊवारीची लांबी 27 फूट. ती आलटून पालटून तीन वेळा दुमडली की पावणेसात फुटांचे चार थर होतात आणि कात्री लागतच नाही. नमुना उमटतो तो धावदोऱ्यातून. टाके कडेने सुरू होऊन चौकटीमागून चौकट घेत मध्यावर येतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदीही अशीच कडेकडून आत जाते. तिच्या चार कोपऱ्यांवर कापडी ‘फुले’ नसली तर ती अपुरी समजतात. अलाबामातील छप्पर आणि घरच्या गोधडीची वीण यांची चाल अशी एकच निघाली, हे सूनबाईंच्या ध्यानी आले तेव्हा कात्री खाली ठेवली गेली.

राहिला वरच्या कापडाचा प्रश्न. तो दुकानाने सोडवला. जुन्या नमुन्याच्या वह्या आणि ठाणांच्या टोकांचे तुकडे यांची दोन गाठोडी वर आली. त्यांतून टेरिकॉट निवडून बाजूला टाकले, कारण ते सुताबरोबर आटत नाही आणि दोन धुण्यांत गोधडीला पोचे येतात. रेशीम घेण्याचा विचारच नव्हता. किड्यांच्या जिवावर होणारे वस्त्र आई कधी नेसल्या नव्हत्या. उरलेले सुती तुकडे भिजवून, वाळवून, ज्यांचा रंग गेला तेही वगळले. नव्या कोऱ्या कापडाबाबत हा आळस पुष्कळ घरांत होतो आणि मग पांढऱ्यावर तांबडे डाग पाहत बसावे लागते.

शंकरपाळीचा नमुनाही कोणी सुचवला. दिसतो सुरेख, पण त्यासाठी कापड तिरके कापावे लागते, तिरकी कड ताणते आणि गाठोड्यातील निम्मे तुकडे वाया जातात. व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा नव्हता. तेव्हा साडेचार इंचांचे चौकोन ठरले, शिवणीत चारही बाजूंनी पाव इंच जाऊन चार इंच उरणारे. आडवे 10, उभे 20, एकूण 200. लुगड्याचा पन्हा 48 इंचांचा असल्याने वरचे 40 इंच झाकून दोन्ही बाजूंना चार-चार इंच तांबडा काठ मोकळा राहणार होता.

चौकोन फरशीवर मांडले गेले. बाहेरच्या चौकटीला 56 गडद तुकडे, नंतर 48, 40, 32 आणि मधल्या दोन ओळींत 24 सर्वांत फिके. रंग कोणता यापेक्षा तो किती गडद हे पाहायचे असते. त्यासाठी दूर उभे राहून डोळे किलकिले करावेत. आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे तेवढे कष्टही पडले नाहीत. “तो तिसरा हिरवा बाहेर घाल,” त्या म्हणाल्या, आणि हिरवा खरोखरच चुकीच्या चौकटीत होता.

लुगडे दुमडताना पदराजवळ एक रफू सापडले. बारीक, किंचित वाकडे, आईंच्याच हातचे. ते थरांच्या आत जात होते. सूनबाईंनी घडी पुन्हा सोडली, लुगडे दुसऱ्या टोकाकडून दुमडले आणि रफू सर्वांत खालच्या थरावर बाहेरच्या अंगाला, बाळ-बाळंतिणीच्या अंगाशी लागेल असे आणले. मग आत्याबाईंनी सुई ओवायला तिच्याकडे दिली.