तिसरं कोटेशन, पाचवा रिमाइंडर

मे महिन्यात मी एका सोसायटीच्या सेक्रेटरींना पाच मेसेज पाठवले. पाठवले म्हणजे काय, माझ्या नावाने गेले. कोटेशन दिल्यापासून तिसऱ्या दिवशी पहिला, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि तिसाव्या दिवशी. प्रत्येक मेसेज ‘नमस्कार सर’ने सुरू आणि जोडलेल्या हातांनी बंद. मजकूर मी एकदाच लिहिला होता. पुढचं सगळं एका ॲपने केलं.

पाचवा मेसेज गेला त्या दिवशी मी पुनावळ्याकडे चाललो होतो. सोसायटी वाटेतच, म्हणून गेटवर गाडी लावली. सेक्रेटरी नव्हते. मॅनेजर भेटले, त्यांनी पंपरूम उघडली. भिंतीवर दुसऱ्या कुणाचं तरी नवं पॅनल होतं आणि त्याच्यावर धूळसुद्धा बसली होती. ‘‘तुम्ही मोजमाप घेऊन गेलात ना, त्याच आठवड्यात बसलं,’’ ते म्हणाले. ‘‘ते आधीच ठरलं होतं हो. फाइलला तीन कोटेशनं लागतात, म्हणून तुम्हाला बोलावलं.’’

म्हणजे पाचही मेसेज एका संपलेल्या कामाबद्दल होते. ॲपमध्ये मात्र त्या सोसायटीपुढे हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, ‘फॉलो-अप सुरू’.

मी जांब्यात राहतो आणि सोसायट्यांच्या पंपांची ऑटोमॅटिक पॅनल बसवतो. मारुंजी, नेरे, हिंजवडी, पुनावळे हा माझा पट्टा. इकडे टॉवर जितक्या वेगाने उभे राहिले तितक्या वेगाने पाणी आलं नाही, त्यामुळे खालच्या टाकीत टँकर रिकामा होतो आणि तिथून पंप ते वर चढवतो. वरची टाकी भरली की पंप बंद व्हायला हवा, नाहीतर टँकरचं विकतचं पाणी गच्चीवरून वाहतं. खालची रिकामी झाली तरी बंद व्हायला हवा, नाहीतर पंप कोरडा चालतो आणि मोटर जळते. हे सगळं एका फ्लोटच्या जिवावर असतं. पाण्याबरोबर तो वर-खाली होतो आणि पॅनलला टाकीची हालत कळवतो. फ्लोट नसलेलं ऑटोमॅटिक पॅनल कुणी मला विकायला आणलं, तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

आणि मी स्वतः काय विकत घेतलं? बिनफ्लोटचा पाठपुरावा. पलीकडे काय चाललंय हे त्याला कळायची सोयच नाही. त्याला फक्त तारीख कळते.

मी यंत्राच्या विरोधात नाही, माझं पोट यंत्रावर आहे. मी विरोधात आहे तो सध्या प्रत्येक व्यवसाय-प्रशिक्षणात आणि दर दुसऱ्या रीलमध्ये मिळणाऱ्या एका सल्ल्याच्या. सल्ला असा : मराठी माणूस भिडस्त. कोटेशन देतो आणि गप्प बसतो. पुन्हा विचारायची त्याला लाज वाटते. म्हणून विचारण्याचं काम मशीनला द्या, मशीनला लाज नसते.

यातलं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच ते खपतं. मला खरंच लाज वाटते. महिन्याला पंधरा-वीस कोटेशनं देतो, दिवसभर कुठल्या तरी तळघरात असतो, आणि रात्री कुणाला फोन करायचा राहिला हे आठवत नाही. नेऱ्यातलं एक चांगलं काम मी निव्वळ विसरलो म्हणून गेलं. ‘‘तुम्ही परत आलाच नाहीत, आम्हाला वाटलं तुम्हाला नकोय,’’ असं त्यांनी मला नंतर ऐकवलं. म्हणूनच मी ॲप घेतलं. पण विसरणं हा रोग होता आणि औषध मी लाजेवर घेतलं. आठवण मला करून द्यायची गरज होती. मशीन ती समोरच्याला करून देत बसलं.

आता समोरच्याकडे बघू. सोसायटी कोटेशनवर गप्प का बसते? आळस, उर्मटपणा ही कारणं असतातच. पण बहुतेक वेळा कारण असतं की सेक्रेटरीच्या हातात निर्णयच नसतो. उपविधींमध्ये ठरलेल्या रकमेपुढचा दुरुस्तीचा खर्च कमिटीला स्वतःच्या जोरावर करता येत नाही, सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. आणि वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी अगदी शेवटीच होते. मे महिन्यात दिलेल्या कोटेशनचं उत्तर सप्टेंबरात असेल, तर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मी कुणाला काय विचारतोय? तो बिचारा नोकरी सांभाळून फुकटात सेक्रेटरीपद करणारा माणूस. फार तर तो ग्रुप म्यूट करतो तसा मलाही म्यूट करतो.

हे मला एका फोनमध्ये कळलं असतं. ‘‘सभा कधी आहे?’’ इतकंच विचारायचं होतं.

ॲप विकणारे यावर म्हणतात, आमची सिस्टिम हुशार आहे, ग्राहकाने मेल उघडला की नाही हे बघून ती पुढचा मेसेज ठरवते. हे जरा नीट समजून घ्या, कारण इथे सरळ सरळ फसवणूक आहे. मेल उघडल्याचं कळतं ते मेलमध्ये दडवलेल्या एका न दिसणाऱ्या चित्रामुळे. ते चित्र लोड झालं की नोंद होते, ‘उघडला’. पण ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर अशी सोय आणली की ती चालू असलेल्या फोनवर मेलमधली चित्रं आधीच मागच्या मागे लोड होतात, माणसाने मेल उघडो वा न उघडो. म्हणजे ज्याने माझा मेल पाहिलाही नाही, तो माझ्या यादीत ‘इंटरेस्टेड’ म्हणून चमकतो. व्हॉट्सॲपची निळी टिक तर २०१४ पासून आहे आणि ती बंद कशी करायची हे आता आजोबांनाही माहीत आहे. फ्लोट म्हणून आपल्याला जे विकलं जातं, ते हे आहे.

व्हॉट्सॲपचाही हिशेब सांगतो. ही ॲप ज्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर चालतात, तिथे ग्राहकाने शेवटचा मेसेज केल्याला २४ तास उलटले की आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवता येतो, आणि जुलै २०२५ पासून त्याचे पैसे दर मेसेजमागे लागतात. लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं की तुमच्या नंबरची प्रत घसरते आणि मेसेज पाठवण्यावर बंधनं येऊ शकतात. म्हणजे मी पैसे देऊन लोकांना मला ब्लॉक करायची संधी देत होतो. त्यात त्यांच्याकडेही बिझनेस अकाउंट असलं तर आणखी मजा. एका ऑफिसला रात्री नऊला माझ्या मशीनने विचारलं, ‘सर, काही निर्णय झाला का?’ त्यांच्या मशीनने उत्तर दिलं, ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद.’ माझ्या ॲपने त्याची नोंद ‘ग्राहकाचा प्रतिसाद’ अशी केली. तेव्हा मी घरी जेवत होतो.

पुढचा युक्तिवाद आकड्यांचा असतो. हजार जणांना पाठवा, दहा तरी हो म्हणतील. बेंगळुरूत बसून देशभर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हे परवडेल. तिचे नऊशे नव्वद नाराज लोक एकमेकांना ओळखत नाहीत. माझे सगळे ग्राहक काही किलोमीटरच्या आत आहेत. एका सोसायटीचा चेअरमन दुसऱ्या सोसायटीच्या चेअरमनबरोबर सकाळी चालायला जातो. ‘तो पंपवाला फार मेसेज करतो’ हे एकदा त्या चालण्यात निघालं, की मारुंजीपर्यंत पोचायला चार दिवस पुरतात. इथे हजार लोक नाहीतच. जे आहेत तेच पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

प्रशिक्षणात एक गोष्ट हमखास सांगतात, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची. सुरुवातीला ते नांगर कुणी घेईना, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही, वगैरे. गोष्ट खरी आहे, तिचा वापर खोटा आहे. शेतकरी का घेत नव्हते? लोखंडाने जमीन नासते, असा त्यांचा समज होता. ही शंका ‘नमस्कार, नांगराबद्दल काही ठरलं का?’ असं पाच वेळा विचारून जात नाही. ती आधी ऐकावी लागते. माझ्याकडेही अशा शंका असतात. ‘सेन्सर गंजतो म्हणे.’ ‘मागच्याने बसवलेलं तीन महिन्यांत बंद पडलं.’ हे कुणी टाइप करून पाठवत नाही. फोनवर, तेही इकडच्या-तिकडच्या गप्पांनंतर, हळूच बाहेर येतं. बरीच कामं मला त्या एका वाक्यामुळे मिळाली आहेत.

बिलाचं वेगळं आहे. काम झालं, बिल दिलं, पैसे आले नाहीत, तर तिथे मशीनला खुशाल मोकळं सोडा. तिथे तारीख आहे आणि मागे कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलावर मला भीड बाळगायचं कारण नाही, ते पैसे माझे आहेत. कोटेशनवर मात्र समोरचा मला काहीच देणं लागत नाही. एक उत्तर सोडून.

आणि त्या उत्तराबद्दल तुमच्याशीही भांडायचं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सोसायटीच्या कमिटीत असेल, कुणी ऑफिसात व्हेंडरची कामं बघत असेल. तिसरं कोटेशन मागवताना तुम्हाला माहीत असतं की ते तिसरं आहे. माझा अर्धा दिवस, पेट्रोल, टाकीत उतरून घेतलेली मापं तुमच्या फाइलचं पान भरायला जातात. निदान ‘नाही’ म्हणा. दोन अक्षरं आहेत. पूर्वी तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर कुणीतरी माणूस तुमच्या दारात यायचा आणि तुम्हाला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता माझं मशीन विचारतं, तुम्ही स्वाइप करता आणि दोघांनाही काही वाटत नाही. आम्ही मशीन लावली ती तुमच्या गप्प बसण्यामुळे, आणि आता ‘सगळे मेसेज मशीनचेच असतात’ म्हणून तुम्ही गप्प बसता.

जूनमध्ये मी ॲप बंद केलं. आता कोटेशन देतानाच दोन गोष्टी विचारतो : निर्णय कोण घेणार आणि कधी. त्या तारखेचा अलार्म माझ्या फोनला लावतो. वाजला की मी फोन करतो. लाज अजून वाटते. पहिल्या रिंगला समोरून कुणी उचलू नये असं अजूनही वाटतं.

परवा अशाच एका चेअरमन मावशींना फोन केला. त्यांनाही मे महिन्यात माझे पाच जोडलेले हात गेले होते. म्हणाल्या, ‘‘विषय सप्टेंबरच्या सभेत घेतलाय. दोघं जण विरोधात आहेत, त्यांना मागच्या पॅनलचा अनुभव वाईट आहे. तू सभेला येऊन सांगशील का, काय वेगळं करणार ते?’’ मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘आणि ते मेसेज बंद केलेस ना रे? मी तुला ब्लॉक केलं होतं. आत्ता आठवलं, काढते थांब.’’