मोराचे रान

पैठणीच्या पदरावर मोर असतो, सरस्वतीच्या चित्रात मोर असतो आणि तुमच्यापैकी अनेकांच्या पुस्तकात एखादे मोरपीस जपून ठेवलेले असते. 1963 साली भारताने मोराला राष्ट्रीय पक्षी म्हणून मान दिला. परंतु मुलांनो, आपले प्रेम मोरावर आहे की केवळ त्याच्या पिसांवर, याचा एकदा विचार केला पाहिजे.

मोर हा कुळाने रानकोंबड्याचा व हिमालयातील रंगीबेरंगी मोनालाचा भाऊबंद. कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात, डोंगरउतारावरील रानात, त्याचा संसार पाहावा. दाणे, किडे, लहानसहान साप टिपण्यास त्याला मोकळी जमीन हवी. रात्री विसाव्याला उंच वृक्ष हवा. जवळ पाणवठा हवा. लांडोर सहसा झाडावर घरटे बांधीत नाही. झुडपाच्या आडोशाला जमीन किंचित उकरून ती अंडी घालते. ज्याला निरुपयोगी झाडोरा समजून आपण तोडतो वा जाळतो, तोच तिच्या पिलांचा पाळणा होय.

पिसारा तर मोर दरवर्षी विणीचा हंगाम सरल्यावर आपणहून टाकतो आणि पुन्हा नवा धारण करतो. गळलेले पीस परत येते. गेलेले रान सहजासहजी परत येत नाही.

शेतकरी म्हणेल, ‘मोर आमचे पेरलेले बी खातो.’ त्याचे म्हणणे खोटे नाही. पक्षी साऱ्या राष्ट्राचा असेल, तर त्याच्या पोटाचा भार एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? त्याचे नुकसान भरून देणे हे सर्वांचेच कर्तव्य आहे. मात्र शेतात विषारी दाणे टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. मोराला मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय पिकावरील किडे वेचणारा एक सोबतीही त्यामुळे नाहीसा होतो. डोंगरावर झाडी व पाणी टिकले, तर मोराला शिवारात उतरण्याचे कारणही कमी होईल.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे 1994 साली मोरांसाठी अभयारण्य झाले. बालाघाटाच्या त्या डोंगराळ भागात पाऊस बेताचाच. तरीही मोर तेथे नांदतात. मोराला राजवाडा नको; निर्धास्त रान पुरते.

पुस्तकातले मोरपीस जरूर जपा. परंतु आपल्या गावच्या डोंगरावरील झुडुपेही जपा. पिसावर प्रेम करणे सोपे आहे. रान राखणे हे खरे प्रेम होय.