शकुंतला रेल्वे खरंच अजून ब्रिटिशांची आहे का? व्हायरल दाव्यामागची गोष्ट

'भारतातली एक रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे', अशी रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल. ही रेल्वे म्हणजे विदर्भातली शकुंतला. पण या दाव्यात तथ्य किती?

शकुंतला का सुरू झाली?

कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत न्यायचा होता. त्यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिशांनी स्थापन केलेल्या मुंबईतल्या कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. मूर्तिजापूरहून दोन फाटे निघाले. एक कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा अंजनगावमार्गे अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर.

पुढे कापसाच्या गाडीत माणसंही बसू लागली आणि शकुंतला गरिबांची गाडी झाली. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं.

मग मालक कोण?

१९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारी झाल्या, पण हा मार्ग त्यातून सुटला. रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी चालवणार मध्य रेल्वे, अशी व्यवस्था सुरू राहिली. त्यामुळे 'ब्रिटिशांची' म्हणण्यापेक्षा 'खासगी' म्हणणं जास्त नेमकं आहे.

याचा फटका कुणाला बसला?

प्रवाशांना. रूळ दुसऱ्याचे असतील, तर त्यावर मोठा खर्च कोण करणार? मार्ग जुना होत गेला आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास अडकला. त्यात हा नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा ब्रॉडगेज मार्ग आहे, पण शकुंतलेचे डबे त्यावर जाऊच शकत नाहीत. माल असो वा माणूस, तिथे उतरून गाडी बदलावीच लागणार.

२०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ब्रॉडगेजची घोषणा झाली. प्रत्यक्षात गेल्या दशकाच्या अखेरीस दोन्ही फाट्यांवरची गाडीच थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूर भागातल्या लोकांनी आंदोलनंही केली.

आता पुढे काय?

यवतमाळसाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग होतोय. त्यातला वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण हा मार्ग कारंजा, अंजनगाव किंवा अचलपूरला जात नाही. तिथल्या शेतकरी, मजूर आणि विद्यार्थ्यांसाठी स्वस्त प्रवासाचा प्रश्न तसाच आहे.

म्हणून पुढच्या वेळी ती रील दिसली, तर 'मालक कोण' याच्या पुढचा प्रश्न विचारा: गाडी परत कधी येणार?